जुना लॅपटॉप निवडताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नेहमीचा आधार काढून घेतला. ‘विंडोज ११’साठी इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो बहुधा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील असावा लागतो. त्यामुळे कचेऱ्यांतील कितीतरी धडधाकट लॅपटॉप एका दिवसात ‘कालबाह्य’ ठरले. यंत्र बिघडले नव्हते; त्याच्यावरील प्रणालीची मुदत संपली होती, इतकेच. श्रोतेहो, हा भेद ज्याच्या ध्यानी आला त्याला थोड्या पैशांत चांगले यंत्र मिळू शकते. कारण १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने जिचा पाया घातला, ती लिनक्स प्रणाली अशा यंत्रांवर विनामूल्य आणि सुखाने चालते.

मुलीच्या शिक्षणासाठी लॅपटॉप तर हवा, परंतु नव्याची किंमत झेपत नाही, अशी घरे पुष्कळ आहेत. अशा घरातून एकदा गेलेले पैसे पुन्हा लवकर उभे राहत नाहीत. म्हणून सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरसारख्या बाजारात पाऊल टाकण्यापूर्वी काय मागायचे ते ठरलेले असावे.

घरगुती वापरासाठी काढलेल्या चकचकीत लॅपटॉपपेक्षा कंपन्यांसाठी बनविलेला लॅपटॉप घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक ही त्या वर्गातली नावे. ते दिसायला काहीसे रुक्ष असतात. पण त्यांचे सुटे भाग मिळतात, दुरुस्तीच्या पुस्तिका उपलब्ध असतात आणि लिनक्स घडविणाऱ्यांपैकी अनेकजण स्वतः तेच वापरतात. २०१८ सालचा थिंकपॅड टी ४८० पाहा. त्यात मेमरीच्या दोन जागा आहेत. आज आठ जीबीवर भागवून उद्या ती वाढविता येते. त्याचाच सडपातळ भाऊ टी ४८०एस. त्यात काही मेमरी पाटीवरच झाळलेली असते. नावात एका अक्षराचा फरक, पण तो विचारल्यावाचून पैसे मोजू नयेत.

प्रोसेसरच्या नावावरील ‘आय ५’ एवढ्यावर भुलू नये. पुढचा आकडा खरा बोलका असतो. ७३०० म्हणजे सातवी पिढी, ८३५० म्हणजे आठवी. या दोन पिढ्यांच्या दरम्यान लॅपटॉपच्या आय ५ मधील गाभे दोनांचे चार झाले. किमतीत थोडाच फरक असेल तर आठवीच घ्यावी. फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवून घ्यावी. तेवढ्यानेच मंद यंत्राला पालवी फुटते. खेळांसाठीचे एनव्हिडियाचे वेगळे ग्राफिक्स कार्ड नवशिक्याने टाळलेले बरे, कारण जुन्या कार्डांसाठी चालक शोधण्यात जीव मेटाकुटीस येतो.

आता दुकानातील परीक्षा. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घालून सोबत न्यावे; ते यंत्रात काहीही न बसविता थेट पेनड्राइव्हवरून सुरू होते. वायफाय जोडून पाहावे, आवाज व कॅमेरा तपासावा, झाकण मिटून पुन्हा उघडावे, प्रत्येक कळ दाबावी. इंटेलचे वायफाय बहुधा तत्काळ चालते, ब्रॉडकॉमचे कधी कधी छळते. बोटाचा ठसा ओळखणारी पट्टी चालली नाही तर मात्र मनाला लावून घेऊ नये. बायोसला पूर्वीच्या कंपनीचा पासवर्ड असेल, तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी तिथून उठावे. हे सर्व करू न देणाऱ्या दुकानातून घेऊच नये.

जिच्यासाठी खरेदी आहे तिच्या महाविद्यालयात आधी एक चौकशी करावी. ऑनलाइन परीक्षेचे किंवा अभ्यासाचे एखादे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत असेल, तर लिनक्सची सारी थोरवी परीक्षेच्या दिवशी कामास येणार नाही. मराठी टंकलेखनाची चिंता नको; इन्स्क्रिप्टची कळरचना लिनक्समध्ये असतेच.

राहिली बॅटरी. मिंटमधील वीजवापराच्या माहितीत तिची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही दिसतात. आजची निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीची किंमत सांगून तेवढी रक्कम कमी करून मागावी. टी ४८० ला दोन बॅटऱ्या असतात आणि त्यांतली बाहेरची तर यंत्र न उघडताच बदलता येते.