एक तार, पाच डबे
(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात विद्युत समितीतर्फे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने आम्हाला विषय दिला आहे, 'आपला देखावा संगणकावर कसा चालतो'. मागच्या वर्षी तो कसा चालला नाही, हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. शंख वाजला तेव्हा पडदा बंद होता. दुसऱ्या खेळाला तर पालखी निघून गेली, दिवे लागून झाले, आणि मग पडदा उघडला. पुष्कळांनी आम्हाला विचारलं की लाईट गेली होती का. लाईट गेली नव्हती. चूक आमची होती, आणि ती नेमकी कुठे झाली हे सांगण्यासारखं आहे म्हणून आम्ही उभे आहोत.

आम्ही म्हणजे विद्युत समितीचे चौघे. त्यातले दोघे राज्य सरकारच्या नोकरीत, डिप्लोमा केलेले, पंप आणि पॅनेल यांच्यात वीस वर्षं काढलेले. बाकीचे दोघे कॉलेजातले. संगणकाचं डोकं त्यांचं, रिले आणि फ्यूजचं आमचं.

आपल्या मंडळात वीसेक वर्षं देखाव्याचा बोर्ड एकच माणूस चालवत होता. नाव घेत नाही, ते समोरच बसले आहेत आणि त्यांना आवडणार नाही. सगळे त्यांना बोर्डवाले काका म्हणतात. प्लायवूडच्या फळीवर बारा बटणं, त्यांच्यावर खडूने लिहिलेलं 'पडदा', 'समई', 'झोत', 'माळा'. पुढे ती अक्षरं पुसली गेली, तरी काकांचा हात चुकला नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अंधारात बसणं त्यांना जमेना, तेव्हा ठरलं की बोर्ड संगणकावर घ्यायचा.

त्यासाठी आम्ही 'प्युअर डेटा' नावाची फुकट मिळणारी प्रणाली घेतली. तिच्यात प्रोग्राम लिहायचा नसतो, काढायचा असतो. पडद्यावर छोटे छोटे डबे ठेवायचे. प्रत्येक डब्याला वरच्या बाजूला आत जायची तोंडं, खालच्या बाजूला बाहेर यायची तोंडं. एका डब्याच्या खालच्या तोंडातून दुसऱ्याच्या वरच्या तोंडात माऊसने तार ओढली की झाली जोडणी. आमच्यासारख्या वायरमनच्या जातीला हे फार जवळचं वाटतं. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना जुनं टेलिफोन एक्स्चेंज आठवत असेल. ट्रंक कॉल लावला की ऑपरेटर बाई दोरीचं एक टोक या भोकात आणि दुसरं त्या भोकात खुपसायच्या. हे तसंच आहे. फक्त इथे एका भोकातून हव्या तितक्या दोऱ्या काढता येतात, आणि गंमत व गडबड दोन्ही तिथेच आहे.

ही प्रणाली मिलर पकेट नावाच्या गणितज्ञाने १९९०च्या दशकात अमेरिकेत केली. त्याआधी १९८०च्या दशकात पॅरिसच्या संगीत संशोधन केंद्रात त्यानेच 'मॅक्स' नावाची प्रणाली केली होती. ते नाव मॅक्स मॅथ्यूज यांच्यावरून पडलं, ज्यांनी १९५७ मध्ये बेल लॅबोरेटरीत संगणकाकडून संगीत वाजवून घेतलं. म्हणजे ही साधनं मुळात संगीतकारांसाठी झाली. आपण त्यांच्यावर आरास चालवतो. बाप्पा दोन्हीकडचाच आहे.

आता आपल्या देखाव्याची मांडणी. मागच्या वर्षी पंढरीची वारी होती. आठ गोष्टी चालवायच्या होत्या : पडदा, शंख, समई, गाभाऱ्यावरचा झोत, ढग, पालखीची मोटर, घंटा आणि शेवटी माळा. शंख आणि घंटा संगणकातूनच स्पीकरवर, बाकी सहा अर्डुइनोच्या पट्टीवरून रिलेवर. प्रत्येकाला सुरुवातीपासून किती सेकंदांनी चालू व्हायचं, याचा एक तक्ता. पडदा शून्यावर. पडदा पूर्ण सरकायला सहा सेकंद लागतात, म्हणून शंख सहावर. समई दहावर. असं करत माळा चाळीसवर.

बटण दाबलं की एक ते आठ आकडे ओळीने निघतात. प्रत्येक आकडा पाच डब्यांत जातो. एक डबा तक्त्यात बघून त्या आकड्याचा वेळ काढतो. दुसरा डबा आकडा आणि वेळ यांची जोडी बांधून पुढे पाठवतो. उरलेले तीन पडद्यावर आकडा दाखवण्यासारखी किरकोळ कामं करतात.

जोडी बांधणाऱ्या डब्याचा स्वभाव लक्षात घ्या, कारण सगळं तिथे अडलं. त्याला वर दोन तोंडं आहेत. उजव्या तोंडात काही आलं तर तो ते नुसतं ठेवून घेतो, गप्प बसतो. डाव्या तोंडात काही आलं की त्याच क्षणी जे जवळ असेल ते घेऊन पुढे पाठवतो. आमच्या नोकरीच्या भाषेत सांगायचं तर डावीकडून फाईल आली की साहेब सही करतात. उजवीकडचं एस्टिमेट आलेलं असो वा नसो. नसेल आलं तर टेबलावर जे मागच्या कामाचं पडलेलं असेल, त्याच्यावर सही होते.

म्हणजे आधी वेळ उजवीकडे पोचला पाहिजे, मग आकडा डावीकडे.

आम्ही पहिल्यांदा तारा एकेक करून ओढल्या. आधी तक्त्याच्या डब्याला, मग जोडीच्या डब्याला. काही विचार करून नव्हे, हात तसा गेला. चार दिवस रंगीत तालीम झाली, सगळं बिनचूक. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री आमच्यातल्या एकाला वाटलं की पडद्यावर तारांचं जाळं फार झालंय, जरा नीट लावू. तारा पुसल्या, डबे सरळ ओळीत मांडले. आणि परत जोडताना त्याने नवीन कळलेली युक्ती वापरली.

युक्ती चांगली आहे, ती आधी सांगतो. माऊसने चौकोन ओढून पाचही डबे एकदम निवडायचे. मग वरच्या डब्यातून तार काढून त्या पाचांपैकी कुठल्याही एकाला लावायची. उरलेल्या चारांना आपोआप लागते. दोनच डबे असतील तर दोन्ही निवडून कंट्रोल आणि के दाबलं तरी जोडले जातात. शिफ्ट दाबून धरलं तर एकाच तोंडातून एकामागून एक तारा ओढता येतात, दर वेळी परत सुरुवातीला यावं लागत नाही. ज्याने चाळीस तारा हाताने ओढल्या आहेत त्यालाच याचं सुख कळेल.

रात्री साडेबाराला पाच तारा एका झटक्यात लागल्या. चित्र पाहिलं तर आधीपेक्षा देखणं. परत चालवून पाहिलं नाही. झोपलो.

एका तोंडातून पाच तारा निघतात तेव्हा संगणक पाचही एकदम चालवत नाही. एक पुरी करतो, मग दुसरी घेतो. कुठली आधी? प्युअर डेटामध्ये जी तार आधी जोडली ती आधी. आणि चित्रात ते कुठेही दिसत नाही. डबा डावीकडे आहे की उजवीकडे, याने काही फरक पडत नाही. मॅक्समध्ये पडद्यावर जो उजवीकडे तो आधी, असा नियम आहे, निदान डोळ्यांना कळतो तरी. आम्ही एकदम जोडलं तेव्हा क्रम आम्ही ठरवलाच नाही, यंत्राने आपल्या यादीप्रमाणे लावला. जोडीचा डबा आधी आला, तक्ता मागून.

मग काय झालं? पडद्याचा आकडा गेला, तेव्हा उजवीकडे काहीच नव्हतं, म्हणजे शून्य. पडदा सुदैवाने बरोबर निघाला. शंखाला पडद्याचा वेळ मिळाला, शून्य. म्हणून तो बंद पडद्याआड वाजला. समईला शंखाचा, झोताला समईचा, असं प्रत्येकाला मागच्याचा. आणि डब्यात शेवटी काय उरलं? माळांचे चाळीस सेकंद. दुसऱ्या खेळाला तेच चाळीस पडद्याच्या वाट्याला आले. म्हणून सगळी वारी पडद्याआड झाली.

नौबादचं कारेझ आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलं आहे, नसेल तर पोरांना घेऊन जा. बहमनी काळातलं, इराणी पद्धतीचं. एका ओळीत उभ्या विहिरी आणि त्यांना जमिनीखालून जोडणारा एकच बोगदा. वरून नकाशा काढला तर ठिपके आणि रेघ, आमच्या डब्या-तारांसारखंच. पण असा बोगदा सहसा पाणी बाहेर पडतं त्या खालच्या तोंडाकडून वर खोदत नेतात. मूळ विहिरीकडून सुरुवात केली तर पाणी खोदणाऱ्यांच्याच अंगावर येईल. दोन्ही रीतींनी नकाशा तोच येतो. कॉलेजातल्या पोरांना आम्ही हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, काका, हे आधी सांगायचं होतं. खरं आहे. आम्हालाही नंतरच सुचलं.

उपाय सोपा निघाला. 'ट्रिगर' नावाचा एक डबा असतो. एक आकडा आत घेतो आणि आपल्या बाहेरच्या तोंडांतून उजवीकडून डावीकडे ठरलेल्या क्रमानेच सोडतो. तो मध्ये घातला, उजवं तोंड तक्त्याला, डावं जोडीला. आता तारा कधीही पुसा, कशाही जोडा, क्रम डब्यातच आहे आणि चित्रात दिसतो. एकदम जोडायची युक्ती आम्ही सोडलेली नाही. 'सगळं बंद' हे बटण आठही गोष्टींना जातं, तिथे कोण आधी विझतं याने काही बिघडत नाही, तिथे खुशाल एका झटक्यात जोडावं. (तरी खरं बंद करायला भिंतीवरचा एमसीबीच. संगणकाच्या भरवशावर २३० व्होल्ट ठेवू नका, हे डिप्लोमावाले म्हणून सांगतो.)

पण खरी दुरुस्ती दुसऱ्या दिवशी झाली. त्या रात्री काका पहिल्या रांगेत होते. कुणाला काही बोलले नाहीत. सकाळी आम्हीच त्यांच्या घरी गेलो आणि वही उघडून म्हणालो, क्रम सांगा. ते म्हणाले, "पडदा, मग शंख, हे कुणीही सांगेल. घंटा कधी, ते मला सांगता येत नाही, बसल्यावर येतं." संध्याकाळी त्यांना शेजारी बसवलं. आम्ही घड्याळ घेऊन, ते गुरुजींच्या हाताकडे बघत. निरांजन वर गेलं की काका "हां" म्हणायचे. पहिल्या आरतीला बत्तीस सेकंद भरले, दुसऱ्या वेळी एकोणचाळीस. गुरुजी तेच, आरती तीच.

तक्त्यातून आम्ही घंटेचा आकडा काढून टाकला. तिथे कुठलीच तार येत नाही. एक साधं बटण आहे, त्याच्या वायरचं टोक काकांच्या खुर्चीपर्यंत आणलं आहे. त्यांना आता निरांजन नीट दिसत नाही, म्हणून यंदा शेजारी त्यांची नात बसते. ती "आजोबा, वर" म्हणते आणि ते दाबतात. काल एकदा तिने उशिरा सांगितलं, तरी त्यांनी वेळेवर दाबलं. कसं, ते तिलाही कळलं नाही.

देखाव्याची फाईल मंडळाच्या लॅपटॉपवर आहे. प्रत्येक डब्याशेजारी मराठीत आणि कानडीत लिहून ठेवलं आहे, कारण आमच्या चौघांपैकी एकाची बदली केव्हाही होऊ शकते. आरतीनंतर ज्यांना बघायचं असेल त्यांनी बोर्डापाशी यावं. मुलांनी तारा ओढून बघायला हरकत नाही, मूळ फाईलची प्रत काढून ठेवली आहे. आणि तारा परत जोडल्या तर एकदा चालवून बघूनच घरी जा. गणपती बाप्पा मोरया.