कुऱ्हाड आणि वजनकाटा



आज विधी शाखेची पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी बरेच जण उद्या चंद्रपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, अहेरीच्या न्यायालयांत उभे राहतील. म्हणून आज शुभेच्छांबरोबर दोन कलमं तुमच्यासमोर शेजारी शेजारी ठेवतो.

भारतीय न्याय संहितेचं कलम 118 पोटकलम 2 घ्या. कुऱ्हाडीसारख्या हत्याराने एखाद्याला जबर जखमी केलं, त्याचा हात कायमचा निकामी केला, तर शिक्षा किमान 1 वर्ष. ती 10 वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते, पण न्यायाधीशाला 1 वर्षावर थांबता येतं. आता 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा घ्या. वीस किलोपेक्षा जास्त गांजा सापडला की ते 'व्यावसायिक प्रमाण' ठरतं आणि शिक्षा किमान 10 वर्षं. माल कोणाचा, नफा कोणाच्या खिशात गेला, पोतं वाहणाऱ्या पोराला त्या खेपेचे किती पैसे मिळायचे होते, यांतल्या कशानेही ती 10 वर्षं कमी होत नाहीत. कलम 37 मुळे जामीनही जवळजवळ मिळत नाही. हा कायदा आधी याहून कठोर होता. 2001 मध्ये दुरुस्ती होऊन प्रमाणानुसार शिक्षेच्या पायऱ्या आल्या तेव्हा कुठे किरकोळ माल बाळगणाऱ्याची सुटका झाली. पण वाहणारा आणि मालक यांच्यात काटा आजही फरक करत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. माणसाच्या देहावर हात उचलणारा आणि नशेच्या धंद्यात सापडलेला गरीब, यांना कायद्याने एका रांगेत उभं करू नये. पहिल्याच्या बाबतीत तुरुंग टाळू नये. दुसऱ्याच्या बाबतीत तुरुंग हा शेवटचा उपाय असावा.

नशा किरकोळ गोष्ट आहे असं मी म्हणत नाही. या मातीत तसं म्हणण्याची कुणाची हिंमत होऊ नये. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे आणि ती लोकांनी लढून मिळवली. डिसेंबर 2010 मध्ये श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामींसोबत चंद्रपूर जिल्ह्यातल्या बाया चिमूरहून चालत नागपूरच्या अधिवेशनावर धडकल्या. 1 एप्रिल 2015 ला चंद्रपुरात बंदी आली. त्या बाया कशाविरुद्ध चालत होत्या? संध्याकाळी घरात पडणाऱ्या माराविरुद्ध, मजुरीच्या पैशांवर पडणाऱ्या दरोड्याविरुद्ध. मग आपण काय केलं? मोहसडवा ओतून दिला, पिपे फोडले, पेट्या जप्त केल्या, मुद्देमालाचे आकडे छापले. मारणारा नवरा मात्र बहुतेक वेळा घरीच राहिला. मे 2021 मध्ये राज्य सरकारने बंदी उठवली, तेव्हा बंदीचा आढावा घेणाऱ्या रमानाथ झा समितीच्या अहवालाचा हवाला देताना अवैध धंद्यात स्त्रिया आणि मुलं ओढली गेल्याचंही कारण सांगितलं गेलं. बंदी उठावी की राहावी यावर या सभागृहातही दोन मतं असतील. मी बंदीच्या बाजूचा आहे. पण बंदीचा खर्च पिशवीत चार पव्वे घेऊन बसलेल्या विधवेने तुरुंगात जाऊन भरावा, हे मला मान्य नाही.

नशा वेगळी आणि मारहाण वेगळी, हा भेद कायद्याला कळतो. स्वखुशीने प्यायलेल्या माणसाला नशेची सबब सांगून गुन्ह्यातून सुटता येत नाही, हे तत्त्व जुन्या दंडसंहितेत होतं, नव्या संहितेतही आहे. तेव्हा मारहाणीची शिक्षा मारहाणीची म्हणून पूर्ण द्या आणि पिण्यावर उपचार करा. अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम 39 न्यायालयाला व्यसनी आरोपीला उपचारासाठी सोडण्याचा अधिकार देतं. कलम 64-अ स्वतःहून उपचाराला येणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण देतं. ही कलमं फार क्वचित वापरली जातात, कारण वकीलच ती मागत नाहीत! गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं आणि 'मुक्तिपथ' या व्यसनमुक्ती उपक्रमाचं काम आहे. उपचार कुठे, हा प्रश्न इथे तरी विचारायला नको.

धंद्यातला प्रत्येक जण बिचारा असतो, असंही नाही. 6 नोव्हेंबर 2018 ला नागभीडचे फौजदार छत्रपती चिडे यांना दारूतस्करांच्या गाडीने चिरडलं. ज्याने माणसावर गाडी घातली, त्याच्या डिकीत काय होतं हा प्रश्न तिथे दुय्यम होतो. तो खुनाचा खटला आहे आणि त्याला खुनाचीच शिक्षा हवी. धंद्याच्या वरच्या टोकाला बसलेल्या पैसेवाल्यालाही माझ्याकडून दया नाही.

आता हिंसेकडे पाहा. ऑगस्ट 2021 मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या बाया-म्हाताऱ्यांना भर चौकात खांबांना बांधून मारलं. मे 2024 मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात जादूटोण्याच्या संशयावरून एक बाई आणि एक पुरुष जिवंत जाळले गेले. अशा खटल्यांत अख्खं गाव साक्षीदार असतं आणि कोर्टात साक्षीदार सापडत नाही. पंच फितूर होतात, तारखा पडतात, पीडित कुटुंब गाव सोडतं. मोठी शिक्षा पुस्तकात असून काय उपयोग? साक्षीदाराला संरक्षण आणि खटल्याला वेग, दोन्ही इथे लागतात. देशातल्या कैद्यांपैकी चारांतले सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. किरकोळ खटल्यांनी बोर्ड भरला की गंभीर खटला मागे पडतो. बिहारने 2016 ची दारूबंदी अशीच राबवली, जामीनअर्जांनी न्यायालयं तुंबली, आणि 2022 मध्ये पहिल्यांदा पिताना सापडलेल्याला दंडावर सोडण्याची दुरुस्ती करावी लागली.

माणसाला परत आणण्याची रीत आपल्या राज्याला येते. 2005 पासून आत्मसमर्पण योजना आहे. 15 ऑक्टोबर 2025 ला याच गडचिरोलीत माओवादी नेता भूपती साठ साथीदारांसह शरण आला. बंदूक खाली ठेवणाऱ्याला वाट असावी, याच्या मी बाजूने आहे, आणि त्या बंदुकांनी ज्यांची माणसं गेली त्यांच्या दुःखाला कमी न लेखता हे म्हणतो. पण मग ज्या बाईने आयुष्यात कुणावर हात उचलला नाही, तिला हातभट्टीतून बाहेर काढून रोजगार देणारी तशी योजना कुठे आहे? नव्या संहितेने दारूच्या नशेत सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घालणाऱ्याला समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे. ती पहिल्यांदा सापडलेल्या किरकोळ विक्रेत्यालाही लागू करावी आणि राज्याच्या दारूबंदी कायद्यात तशी दुरुस्ती व्हावी, अशी माझी मागणी आहे.

तुमच्याकडून एक अपेक्षा. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्री, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि कोठडीतला माणूस यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. वकिलीची ठरलेली वर्षं पूर्ण झाली की तालुका विधी सेवा समितीच्या पॅनेलवर नाव नोंदवा. तिथे मोहाच्या दारूत सापडलेली बाई येईल, तिच्यासाठी उपचार आणि सुटका मागा. आणि जिच्या घरावर जमाव चालून आला ती बाईही येईल. तिचा खटला शेवटच्या तारखेपर्यंत सोडू नका.