गरिबाघरची भेट
(संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या वतीने केलेले भाषण)



ह्या महोत्सवी पुस्तकात आमच्या सोसायटीचा हिशेबही छापला जाईल. त्या आकड्यांत जे मावत नाही, त्याविषयी दोन शब्द बोलावे, असे आम्ही योजिले आहे.

पॅरिस शहरी एका वादसभेत, तुम्ही आज गरिबांसाठी काय करिता, असा सवाल कॅथलिक विद्यार्थ्यांना प्रतिपक्षाने केला. त्यातून २३ एप्रिल १८३३ रोजी ही सोसायटी जन्मास आली. फ्रेडरिक ओझानाम ह्यांचा तो विसावा वाढदिवस. गरिबांची घरे ह्या तरुणांना दाखविली ती सिस्टर रोझाली रेन्दू ह्या धर्मभगिनीने. शिधा चौकात मांडून वाटावयाचा नाही, तर दोघांनी मिळून घरी जाऊन, बसून द्यावयाचा, ही रीत तेव्हापासूनची आहे.

आमच्या सर्व श्रमांचे मूळ ह्याच रीतीत आहे. दारातून देणारा हलक्या मनाने परततो; चटईवर बसणाऱ्यास मात्र विझलेली चूल, थकलेले भाडे आणि कोपऱ्यात खोकणारा मुलगा हे सारे दिसते. पेटीतील पैसे तर तेवढेच. एका घरास होकार देताना दुसऱ्यास नकार द्यावा लागतो आणि ते दुसरे घर बहुधा त्याच आळीत असते. रविवारी देवळाच्या पायरीवर त्यांची आमची दृष्टादृष्ट होते. शिवाय, दारुड्याच्या घरी तांदूळ कशास, असे विचारणारे सज्जन आहेतच. त्या घरात मुलेही जेवतात, एवढेच आम्ही त्यांना सांगतो.

ह्याहून जड असते ते मौन. पाहिलेले कोणास सांगावयाचे नाही, स्वतःच्या घरीदेखील नाही. जोडीने जाण्याचे महत्त्व येथे कळते. परतीच्या वाटेवर निदान एक माणूस असा असतो, की ज्याला काही सांगावेच लागत नाही. एकट्याने जाण्याचा उत्साह धरणारे फार दिवस टिकत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

आणि सुख? एखादी म्हातारी शेजारून साखर उसनी आणून आमच्यासाठी चहा ठेविते. तिच्यावर भार नको, म्हणून तो नाकारावा, असे नवे सभासद म्हणतात. आमचे मत निराळे आहे. तेवढा वेळ ती यजमानीण असते व आम्ही पाहुणे. तो मान तिचा आहे, तो हिरावून घेऊ नये. क्वचित एखादे घर आपण होऊन सांगते, मुलगा कामास लागला, आता आमचा वाटा दुसऱ्यास द्या. त्या दिवशी आम्ही वाटभर बोलत परततो. सर्वच घरे असे म्हणत नाहीत. काही तर आभारही मानीत नाहीत, आणि त्यांनी ते मानावेत असा आमचा करारही नाही.

आमच्यापैकी कित्येकांचे गुडघे आता कुरकुरतात. काही घरांकडे जावयास जोडीच उरलेली नाही. तरुणांपैकी ज्यांना येणे असेल, त्यांनी रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात भेटावे. पहिल्या भेटीस आम्हांपैकी एक जुना सभासद बरोबर येईल.