अर्ध्या तिकिटाचे वय

श्रोतेहो, आपल्या उपनगरी आगगाडीत पाच वर्षांवरील व बारा वर्षांखालील मुलाला अर्धे तिकीट पुरते. दिवाळीच्या सुटीत वाशी, नेरूळ किंवा बेलापूर येथील तिकिटांच्या खिडकीपाशी घटकाभर उभे राहिल्यास एक मौजेचा संवाद कानी पडण्याचा संभव असतो. वडील म्हणतात, "दोन पूर्ण आणि एक अर्धे द्या." शेजारी उभे असलेले साडेअकरा वर्षांचे चिरंजीव मान खाली घालून पुटपुटतात, "बाबा, माझेही पूर्णच घ्या ना!" वडिलांना चार पैसे वाचल्याचे समाधान असते, मुलाला मात्र चारचौघांत आपली किंमत निम्मी झाल्याचे दुःख असते.

या अर्ध्या तिकिटाच्या वयाविषयी, म्हणजे साधारणतः दहा ते तेरा वर्षांच्या मुलामुलींविषयी, आज मला आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत. शिशू, बालक, कुमार, तरुण असे शब्द आपल्या भाषेत आहेत. परंतु ज्याला बालक म्हटल्यास राग येतो आणि तरुण म्हटल्यास आपल्यालाच हसू येते, अशा या मधल्या प्राण्याला घरगुती बोलीत सोयीचे नाव नाही. त्याला स्थानही नाही. सकाळी त्याचे खेळणे मोडले, तर आपण म्हणतो, "एवढा मोठा घोडा झालास आणि रडतोस काय?" सायंकाळी पाहुण्यांच्या बैठकीत तो काही बोलू लागला, तर आपणच म्हणतो, "मोठ्यांच्या मध्ये बोलू नये." एकाच दिवशी एकाच तोंडून निघालेले हे दोन निकाल ऐकून त्याने काय समजावे? त्याला एवढेच कळते की, मोठे झाल्याखेरीज या घरात आपली दाद लागावयाची नाही. मग तो घाईला लागतो.

ही घाई सुटीतच विशेष दिसते, आणि त्याला कारण आहे. शाळा चालू असताना इयत्ता ही त्याची पायरी असते. सहावीतल्याने सातवीतल्याकडे पाहावे, सातवीतल्याने आठवीतल्याकडे पाहावे, असा तो क्रम आहे. सुटी लागली की ही शिडी काढून घेतली जाते. त्यातच महाविद्यालयात शिकणारी आतेमामे भावंडे घरी येतात. ती रात्री उशिरापर्यंत जागतात, स्वतःच्या पैशांनी कॉफी पितात, मोबाईलमध्ये पाहून आपसांत हसतात. आमचा बारा वर्षांचा मुलगा दाराच्या चौकटीत उभा राहून हे सारे पाहतो. खोलीत जावे तर तेथे त्याला कोणी विचारीत नाही. परत फिरावे तर अंगणात सात वर्षांची पोरे टिकल्या फोडीत असतात. "उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग" ही म्हण आपण त्याच्यावर फेकतो व मोकळे होतो. पण बाशिंग कपाळाला कसे बांधावयाचे, हे त्याला दाखविले कोणी?

येथे थोडे मागे वळून पाहिले पाहिजे. मुलांनी मोठे होण्याची घाई करावी ही जुनी गोष्ट आहे. परंतु मुलांना मोठे करण्याची घाई समाजानेच करावी, हेही आपल्याकडे फार काळ चालले. आनंदीबाई जोशी यांचा विवाह नवव्या वर्षी झाला. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या, आणि ते मूल काही दिवसांतच गेले. पुढे १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवून त्या परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, निवर्तल्या. रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी झाला होता. नकळत्या वयातील तो विवाह मान्य करून नांदावयास जाण्यापेक्षा तुरुंगात जाऊ, असे त्यांनी न्यायालयास कळविले. १८८४ साली सुरू झालेला तो खटला १८८८ मध्ये तडजोडीने मिटला. त्यानंतर त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षे करणारा कायदा झाला, तेव्हा केवढे रण माजले! १९२९ च्या शारदा कायद्याने लग्नाचे किमान वय मुलीसाठी चौदा व मुलासाठी अठरा केले. १९७८ साली ते अनुक्रमे अठरा व एकवीस झाले.

श्रोतेहो, या सनावळ्या मी उगाच सांगत नाही. आपल्या घरातील बारा वर्षांची मुलगी आज कंटाळून सोफ्यावर लोळते आहे, तिला लोळण्याची ती मुभा आहे, ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. बालपण ही आपल्या आज्यापणज्यांनी झगडून मिळविलेली मिळकत आहे. म्हणूनच ते कोणी स्वस्तात विकत घेऊ लागला, तर आपण सावध झाले पाहिजे.

आणि आज ते विकत घेणारे बरेच आहेत. पूर्वी समाज मुलांना विवाहाच्या बोहल्यावर चढवून मोठे करीत असे. आता बाजार त्यांना वस्तू देऊन मोठे करतो. दिवाळीच्या दिवसांत आमच्या नव्या मुंबईतील मॉलमध्ये एक फेरी मारावी. अकरा वर्षांच्या मुली चेहऱ्यावरील सुरकुत्या घालविणारी मलमे मागताना दिसतात. ज्यांच्या चेहऱ्यावर सुरकुती म्हणून नाही, त्यांना ही मलमे! त्यांतील कित्येक द्रव्ये कोवळ्या त्वचेला दाह करतात, असा इशारा त्वचारोगतज्ज्ञ देत आले आहेत. मुलगे काय करतात? इन्स्टाग्रामने स्वतः घातलेली अट तेरा वर्षांची आहे. तेव्हा ते जन्मसाल खोटे लिहितात. म्हणजे मोठेपणाच्या दारातले पहिले पाऊलच असत्याचे! ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना अशा समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास कायद्यानेच मनाई केली. त्या उपायाचा गुण किती येतो ते काळ ठरवील. पण एका देशाला हे करावेसे वाटले, यावरून दुखण्याची कल्पना येते.

याहून गंभीर प्रकार रस्त्यावर घडतो. आमच्या उपनगरांतले रस्ते रुंद, सुटीतील दुपार शांत, आणि वडिलांच्या स्कूटरची किल्ली दाराजवळच टांगलेली. तेरा वर्षांचा मुलगा "एकच फेरी" म्हणून ती उचलतो, आणि पुष्कळदा वडीलच कौतुकाने सांगतात, "आमचा आताच गाडी चालवतो हो!" १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. परंतु दंडाची भीती मी कशाला घालू? रस्त्यावर गेलेला जीव कोणताही कायदा परत आणीत नाही.

मग या मुलांना आवरावयाचे कसे? माझे उत्तर असे आहे की, त्यांना आवरू नये; त्यांना पायऱ्या द्याव्यात. मूल उडी का मारते? मधल्या पायऱ्या नाहीत म्हणून. या पायऱ्या कोठे गेल्या, हे पाहावयाचे असेल तर नवी मुंबईसारखे दुसरे ठिकाण नाही. दिवाळे, सारसोळे यांसारखे जुने कोळीवाडे येथे पूर्वीपासून आहेत. मासेमारीवर चालणाऱ्या अशा घरांत मूल आधी नुसते काठावर उभे राहून पाही; पुढे दोर धरी, जाळे निवडी, आणि पुष्कळ वर्षांनी होडीत चढे. आपण किती मोठे झालो, हे त्याला हातातल्या कामावरून कळे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, शहर वसू लागले, १९९२ साली आगगाडी खाडी ओलांडून वाशीस आली, आणि आपण दूरदूरच्या गावांहून येऊन या इमारतींत राहू लागलो. सोयी आल्या, हे चांगलेच झाले; पण सोयींबरोबर मुलांची कामे गेली. चकलीचा सोऱ्या दाबावयाचा नाही, कारण फराळ दुकानातून येतो. कंदिलाच्या कामट्या बांधावयाच्या नाहीत, कारण कंदील तयार मिळतो. रांगोळीसुद्धा चिकटविण्याची निघाली! पूर्वीच्या दिवाळीत पाच वर्षांच्या मुलाने पणत्या पुसाव्यात, आठ वर्षांच्याने वाती घालाव्यात, बारा वर्षांच्याने त्या लावून वाऱ्यापासून सांभाळाव्यात, अशी न सांगता ठरलेली श्रेणी होती. ती श्रेणी गेली, आणि लहान व मोठा यांच्यामध्ये मोकळे भगदाड राहिले. त्या भगदाडातच बाजाराने आपले दुकान मांडले आहे.

आमच्या नेरूळच्या वसाहतीतील एक उदाहरण सांगतो. मुलीचे नाव सांगत नाही. ती तेव्हा बारा वर्षांची होती. दिवाळीत इमारतीच्या आवारात मातीचा किल्ला करावयाचा, पण "ते लहान मुलांचे काम" म्हणून ती मोबाईल घेऊन जिन्यात बसे. वसाहतीच्या चिटणिसांनी तिला बोलाविले, दोन हजार रुपये हातावर ठेवले आणि म्हटले, "या वर्षीचा किल्ला तुझ्याकडे. माणसे तू निवड, सामान तू आण, आणि भाऊबिजेच्या दिवशी सभासदांपुढे हिशेब तू वाच." दुसऱ्या दिवशी ती लहान मुलांची टोळी आणि सोबतीला एक आजोबा घेऊन बेलापूरच्या किल्ल्याचे अवशेष पाहावयास गेली. सिद्द्यांनी बांधलेला, पोर्तुगीज, मराठे व इंग्रज यांच्या हातून गेलेला तो किल्ला आमच्या इतक्या जवळ असूनही आमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला नव्हता. बुरूज गोल का असतो, यावर मुलांचा मोठा वाद झाला. माती कोणी आणावयाची यावर भांडण झाले, ते तिनेच मिटविले.

हिशेबाच्या आदल्या रात्री चाळीस रुपये जुळेनात. वडील सहज म्हणू शकले असते, "सोड ग, मी घालतो चाळीस रुपये." ते तसे म्हणाले नाहीत, आणि याबद्दल मला त्यांचे फार कौतुक वाटते. ती रात्री अकरापर्यंत वही घेऊन बसली. शेवटी आठवले की, एका लहानग्याचे बोट कापले तेव्हा पट्टी व मलम आणले होते. दुसऱ्या दिवशी तिने हिशेब वाचला तेव्हा तिचा आवाज थोडा कापत होता. पण आकडा बरोबर होता.

मला जे सांगावयाचे आहे ते यापुढचेच. त्या चार दिवसांत ती मुलगी कोपरापर्यंत चिखलाने माखली होती, आणि मावळ्यांच्या चित्रांवरून सहा वर्षांच्या मुलाशी हमरीतुमरीवर आली होती. म्हणजे ज्या क्षणी आपण तिला मोठे मानले, त्याच क्षणी तिला लहान होण्याची लाज वाटेनाशी झाली. विश्वास मिळाला की घाई ओसरते. ज्या मुलाला ठाऊक असते की आपली गणना झालेली आहे, त्याला पूर्ण तिकिटाचा हट्ट धरावा लागत नाही.

कोणी म्हणेल, "मास्तर, मुलांना कामाला जुंपण्याचा हा उपदेश बरा नव्हे." ती शंका रास्त आहे. फटाक्यांच्या कारखान्यांत राबलेल्या लहान हातांची कथा आपल्या देशाला नवी नाही. म्हणूनच १९८६ च्या बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच धंद्यांत कामावर ठेवण्यास बंदी झाली. पण त्याच कायद्याने शाळेनंतर व सुटीत घरच्या कामाला, ते धोक्याचे नसल्यास, मदत करण्याची मोकळीक ठेवली आहे. राबणूक निराळी आणि जबाबदारी निराळी. राबणुकीत मुलाचे काम दुसऱ्याच्या लाभासाठी असते. जबाबदारीत ते काम त्याचे स्वतःचे असते, आणि चुकण्याचा हक्कही त्याचाच असतो. हा शेवटचा हक्क देणेच आपणांस अवघड जाते.

तेव्हा आईबापांना माझी विनंती अशी आहे. या दिवाळीत घरातील दहा-बारा वर्षांच्या मुलाला एक वस्तू कमी द्यावी आणि एक काम पुरे द्यावे. काम पुरे हवे. "जरा हात लाव" असे म्हणून दिलेले अर्धवट काम नको. एका संध्याकाळचे जेवण ठरविणे, आजीची औषधे महिनाभर वेळेवर देण्याची आठवण ठेवणे, पाहुण्यांना स्थानकावरून घेऊन येणे, फराळाच्या खर्चाची वही सांभाळणे, यांपैकी काहीही चालेल. काम बिघडले तर बिघडू द्यावे. अनरसा तळताना विरघळला म्हणून दिवाळी विरघळत नाही.

आणि आणखी एक गोष्ट. आपण मोठी माणसे मुलांसमोर मोठेपणाचे जे प्रदर्शन मांडतो, त्यात कोणीही रागे न भरता वाटेल तेव्हा मोबाईल पाहण्याची चैन तेवढी दिसते. कर्जाचा हप्ता भरताना, आजाऱ्याच्या उशाशी जागताना, दिलेला शब्द पाळताना होणारी ओढाताण आपण दार लावून घेतो. मुलांना मोठेपणाची उजळ बाजूच दिसली, तर ती तिच्याकडे धावणारच. थोडी दुसरी बाजूही त्यांना बेताने दाखवावी. या महिन्यात किती पैसे आले, किती गेले, काय हवे होते व काय सोडून द्यावे लागले, हे एकदा मुलाला जवळ बसवून सांगावे. त्यात भिववण्याचा हेतू नसावा. सामील करून घेण्याचा असावा. त्यानंतर तो कदाचित नवा मोबाईल मागणार नाही. कदाचित मागेलही, परंतु मागताना त्याच्या आवाजात हट्टाऐवजी विचार असेल, आणि मोठे होणे ते हेच.