मनाच्या व्याधीवर विद्येचा उपचार

अंगांत ताप भरला तर वैद्याला बोलावण्याचा संकोच कोणास वाटत नाहीं. मन खचलें म्हणजे मात्र मनुष्य दार लावून बसतो. या बाबतींत बाराव्या शतकांतील एका यहुदी पंडिताचें चरित्र विचारांत घेण्याजोगें आहे.

मोशे बेन मैमोन ऊर्फ मायमोनिडीझ हे मूळचे स्पेनमधील कोर्दोव्याचे. पुढें ते कैरोजवळ फुस्तात येथें स्थायिक झाले. त्यांचा धाकटा बंधु दाविद व्यापार करी आणि त्यावर घर चाले. तो हिंदी महासागरांत बुडाला. हें वृत्त येतांच हा प्रकांड पंडित सुमारें वर्षभर अंथरुणाला खिळला. हें दुःख त्यांनीं लपविलें नाहीं. पुढें एका पत्रांत तें सांगून, शास्त्राध्ययनाचा आधार नसता तर आपण नष्टच झालों असतों, असें त्यांनीं लिहिलें. सुलतान सलादीनच्या वजिराचे राजवैद्य म्हणून ते नांवाजले आणि १२०४ सालीं वारले.

त्यांच्या धर्मसंहितेंत मनोव्याधीचें विवेचन आहे. तापकऱ्याच्या जिभेला कडू तें गोड लागतें, तसें मनोरुग्णास अनिष्ट तेंच प्रिय वाटतें. त्यानें ज्ञात्यांकडे जावें. तेच मनाचे वैद्य. रागीट मनुष्यानें अपमान सोसण्याचा दीर्घ अभ्यास करावा, आणि राग निमाल्यावर मध्यम मार्गावर यावें, असा त्यांचा उपचार होता.

हिंदुस्थानांतील यहुदी शब्बाथ व सुंता यांपलीकडे धर्मशास्त्र जाणत नाहींत, असेंहि त्यांनीं एका पत्रांत लिहिलें होतें. कोकणांतील बेने इस्राएल शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविले जात. त्याच समाजांतील जोसेफ यहेजकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनीं हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठींत आणून ही उणीव बरीच भरून काढली.

विसाव्या शतकांत, १९५५ च्या सुमारास, न्यूयॉर्कमधील यहुदी कुळांतले आल्बर्ट एलिस यांनीं विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला. त्यांचा आधार धर्मग्रंथ नसून ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस होता. तरी विचार तपासावा आणि आचरणानें मन वळवावें, ही दिशा तीच. मुंबईचे किशोर फडके यांनीं ती पद्धति मराठी भाषकांपर्यंत आणली.

हिमायतनगरसारख्या गांवीं पीक बुडालें कीं कर्त्या पुरुषाचें बोलणेंच थांबतें, आणि घरचीं माणसें तो स्वभाव समजतात. त्याला वेळींच बोलतें करणें हा उपचाराचा आरंभ होय. २०२२ पासून सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक त्यासाठींच आहे. मायमोनिडीझसारख्या पुरुषास आपलें खचणें लपवावेंसें वाटलें नाहीं. मग सामान्य संसारी माणसानें त्याची लाज कां बाळगावी?