सभेचे इंग्रजी आणि सभेची अरबी
(शासकीय अनुवादकांच्या प्रशिक्षणवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य इंग्रजी मसुद्याचे मराठी करण्यात जाते. आज मी एका वेगळ्या वाटेने जाणार आहे. आंतरराष्ट्रीय सभांमधील औपचारिक इंग्रजी अरबी भाषेत कसे नेले जाते, हे पाहावयाचे आहे. विषय दूरचा वाटेल. परंतु मसुदा, करार, कायदा, वकील हे शब्द रोज लिहिणाऱ्या माणसाला अरबी अगदीच परकी नाही.

प्रथम थोडा इतिहास. संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने १८ डिसेंबर १९७३ रोजी अरबीला आपली अधिकृत व कामकाजाची भाषा म्हणून मान्यता दिली. पहिल्या तीन वर्षांचा खर्च अरब राष्ट्रांनी एकत्रितपणे सोसावयाचे मान्य केले होते. सुरक्षा परिषदेत हा दर्जा मिळण्यास १९८२ साल उजाडले. म्हणजे भाषा प्राचीन व समृद्ध असली, तरी या विशिष्ट कामासाठी तिची परिभाषा अलीकडच्या काळात, ठराव समोर येतील तसतशी स्थिर होत गेली.

राष्ट्रसंघाचा ठराव हे व्याकरणाच्या दृष्टीने एकच वाक्य असते, मग ते दहा पानांचे का असेना. ‘महासभा’ हा कर्ता. त्यानंतर स्मरून, लक्षात घेऊन, चिंता व्यक्त करून अशा कारणांची रांग. आणि मग ठरविते, विनंती करते, आवाहन करते ही मुख्य क्रियापदे. अरबीत हे वाक्य ‘इन्न’ या अव्ययाने सुरू होते आणि प्रत्येक कारणाआधी ‘इझ्’ येतो. मराठीला ‘ऊन’ प्रत्ययाची देणगी आहे, त्यामुळे पहिला भाग आपल्याला सोपा जातो. मुख्य क्रियापद मात्र आपल्याकडे शेवटी जाऊन बसते आणि वाचक तोवर ताटकळतो.

अरबीत महासभा स्त्रीलिंगी आणि सुरक्षा परिषद, म्हणजे ‘मज्लिस अल्-अम्न’, पुल्लिंगी. त्यामुळे एकच इंग्रजी क्रियापद महासभेसाठी ‘तुकर्रिर’ आणि परिषदेसाठी ‘युकर्रिर’ असे होते. परिषदेचा जुना मसुदा समोर ठेवून महासभेचा नवा मसुदा करणाऱ्याला प्रत्येक क्रियापद तपासावे लागते.

संबोधनांची गोष्ट याहून नाजूक. इंग्रजीत ‘युअर एक्सलन्सी’ हे एकच संबोधन राष्ट्राध्यक्षालाही चालते आणि राजदूतालाही. अरबीत राजाला ‘जलाला’, प्रजासत्ताकाच्या अध्यक्षाला ‘फखामा’, मंत्र्याला ‘मआली’, राजदूताला ‘सआदा’. इंग्रजी भाषणात समोर कोण बसले आहे हे लिहिलेले नसते. अनुवादकाला ते ठाऊक असावे लागते. मंत्र्याला राजदूताचे संबोधन गेले, तर शब्दकोश त्याच्या मदतीला येत नाही.

आपल्या ओळखीचे शब्द इथे फसवितात, हेही सांगितले पाहिजे. मराठीत करार म्हणजे दोन पक्षांमधील बांधिलकी. अरबीत ‘करार’ म्हणजे निर्णय, आणि राष्ट्रसंघाच्या ठरावालाही हाच शब्द आहे. पेशवाईतील वकील हा दरबारी दूत होता. राष्ट्रसंघाच्या अरबीत ‘वकील’ हे अवर महासचिवाच्या पदनामात येते. आपण जलसा म्हटले की ढोलकी ऐकू येते. अरबीत ‘जल्सा’ म्हणजे सभेची बैठक. बैठक संपविण्याला ते ‘रफ्’ म्हणजे उचलणे हा शब्द वापरतात. आपल्याकडेही सभा उठते, तेव्हा हे साम्य मला मोठे गोड वाटते.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांना जवळचे वाटेल असे एक उदाहरण देतो. इतिवृत्तात आपण ‘सर्वानुमते’ आणि ‘एकमताने’ हे शब्द अदलून-बदलून लिहितो. राष्ट्रसंघात हा भेद पाळावाच लागतो. मतदान न घेता, कोणी हरकत न घेतल्याने ठराव संमत झाला, तर अरबीत ‘तवाफुक अल्-आरा’, म्हणजे मतांची जुळणी. मतदान होऊन सर्व मते बाजूने पडली, तर ‘इज्मा’. पहिल्या प्रकारात एखाद्या राष्ट्राच्या मनात नाराजी असू शकते आणि ठराव संमत झाल्यावर ते तसे बोलूनही दाखविते. दोन्ही ठिकाणी एकच शब्द लिहिला, तर त्या राष्ट्राने न दिलेले मत त्याच्या नावावर चढते. ‘नोंद घेणे’ हाही असाच शब्द. त्यात संमती नाही आणि निषेधही नाही, असे महासभेने २००१ साली मुद्दाम स्पष्ट केले. अरबी अनुवादकाने तिथे स्वागताची छटा असलेला शब्द वापरला, तर तो ठरावाचा अर्थच बदलतो.

शब्दाहूनही लहान गोष्टीवरून काय घडू शकते, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे नोव्हेंबर १९६७ मधील सुरक्षा परिषदेचा २४२ क्रमांकाचा ठराव. त्या वर्षीच्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायलच्या सैन्याने माघार घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. इंग्रजी मसुद्यात ‘प्रदेश’ या शब्दाआधी ‘द’ हे उपपद नाही. फ्रेंच पाठाची रचना मात्र ‘ते सर्व प्रदेश’ असा अर्थ घेण्यास वाव देते. त्या वेळी अरबी ही परिषदेची भाषा नव्हती. तरीही अरबीत मांडणाऱ्याला निवड करावीच लागे. ‘अल्-अराज़ी’ म्हटले की ते ठरावीक प्रदेश, सगळेच्या सगळे. ‘अराज़िन्’ म्हटले की काही प्रदेश. इंग्रजी मसुद्याने जे मोकळे ठेवले होते, ते मोकळे ठेवण्याची सोय अरबी व्याकरणात नाही. मराठीत मात्र उपपदच नसल्याने ‘व्यापलेल्या प्रदेशांतून’ एवढे म्हणून आपण सुटतो. माघार किती, हा वाद अनेक दशके चालत राहिला. त्याची कारणे राजकीय आहेत, केवळ व्याकरणाची नव्हेत. पण प्रत्येक बाजूने आपल्या सोयीचा पाठ हाती धरला, हेही खरे.

राजकारणातील माणसे यातून काही शिकली असावीत. २६ मार्च १९७९ रोजी इजिप्त व इस्रायल यांच्यात झालेला शांतता तह अरबी, हिब्रू आणि इंग्रजी अशा तीन भाषांत लिहिला गेला आणि तिन्ही पाठ सारखेच प्रमाण मानले गेले. मात्र अर्थाबाबत मतभेद झाल्यास इंग्रजी पाठ ग्राह्य धरावा, असे तहातच नमूद केले. दोन्ही पक्षांपैकी कोणाचीही मातृभाषा नसलेली भाषा त्यांनी पंच म्हणून नेमली.

आता तोंडी अनुवादाविषयी थोडेसे. न्यूयॉर्कच्या सभागृहात इंग्रजी किंवा फ्रेंच कक्षात दोन दुभाषे बसतात; अरबी आणि चिनी कक्षांत तीन. कारण या दोन कक्षांना दोन्ही दिशांनी काम करावे लागते : इतरांचे बोलणे अरबीत आणावयाचे आणि अरब प्रतिनिधी बोलू लागला की त्याचे इंग्रजी किंवा फ्रेंच करावयाचे. एकेकाची पाळी साधारण वीस ते तीस मिनिटांची असते. मग शेजारचा ध्वनिक्षेपक हाती घेतो आणि पहिला कान मोकळे करून, पुढच्या भाषणाची छापील प्रत मिळाली असल्यास ती चाळू लागतो.