आंबट पाऊस, जड धातू आणि आपलं ताट
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतील भाषण)



हप्त्याचा विषय झाला, आता थोडं मातीबद्दल बोलू. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात दगडी कोळसा निघतो, अन् जळतोही. त्या धुरातले गंधकाचे वायू पावसात मिसळले की पाणी आम्ल होतं. साध्या पावसाचा सामू साधारण 5.6 असतो. त्याहून खाली गेला की तो आम्ल पाऊस. सामू एकानं उतरला, म्हणजे आम्लता दहापट वाढली!

दुसरी गोष्ट जड धातूंची. कोळशाच्या राखेत शिसं, कॅडमियम असे धातू थोडेथोडे असतात. ते कुजत नाहीत, मातीतच साठतात.

आता दोन्ही एकत्र आले तर? एरवी हे धातू मातीच्या कणांना धरून बसतात. माती आंबट झाली की ते सुटतात, पाण्यात विरघळतात अन् मुळावाटे पिकात चढतात. सोबत मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातं. चुनखडीची काळी जमीन आम्ल बरंच पचवते. भाताच्या हलक्या जमिनीला ते जमत नाही. पालकासारखी पालेभाजी कॅडमियम जास्त ओढते, पण दिसायला हिरवीगारच दिसते.

जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीतलं कॅडमियम भातात उतरलं. हाडं ठिसूळ होऊन मोडायची. रोगाचं नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. 1968 साली तिथल्या सरकारनं कारण मान्य केलं. रुग्ण बहुतेक कोण? बाळंतपणं झालेल्या वयस्क बायाच. अंगात लोह कमी असलं की शरीर कॅडमियम जास्त शोषतं. आपल्यात रक्त कमी असलेल्या किती जणी आहेत, तुम्हीच सांगा.

घाबरायचं नाही, कामाला लागायचं:

1. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू बघा. शिसं-कॅडमियम त्यात नसतं. त्याची तपासणी वेगळी मागावी लागते.
2. माती आंबट निघाली तर कृषी सहायकाला विचारून चुना घाला. शेणखत, कंपोस्ट सोडू नका.
3. परसबागेत कोळशाची राख, जुन्या बॅटऱ्या, जळका कचरा टाकू नका.
4. भाजी खळखळून धुवा. वरची धूळ जाते. आत गेलेला धातू मात्र जात नाही.

एकटीनं मागितलं तर ‘बघू’ म्हणतात. ग्रामसंघाचा ठराव घेऊन पन्नास जणी गेल्या तर खुर्ची द्यावी लागते. पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं आपल्या मातीचा सामू वहीत लिहून आणायचा. आणणार ना?